ताकातल्या कण्या

१

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास लातुरातल्या सिंधूताईंच्या वसतिगृहात एक मुलगी पंख्याशी बोलायला लागली. मैत्रिणींना आधी हसू आलं. मग तिचा चेहरा लालबुंद झालेला दिसला. ओठ कोरडे पडून चिकटले होते, आणि डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या पसरलेल्या की आत नुसतं काळंच. तीन वाजेपर्यंत आणखी तिघींची तीच गत झाली. सव्वातीनला मालविका जिन्यात कोसळली. चौघी निदान बडबडत तरी होत्या. मालविकाला शुद्धच नव्हती.

वसतिगृहात चौदा मुली होत्या, सगळ्या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या. पाचजणींना रिक्षांत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर आलोकनी एकेकीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि सिंधूताईंना बाजूला घेतलं.

"ही लक्षणं धोतऱ्याची आहेत ताई. दुपारच्या जेवणातून काहीतरी गेलंय. कशातून गेलं ते लवकर शोधा."

तासाभरात फौजदार बिडवे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभे होते. गॅसच्या टाकीमागे एक वेताची टोपली सापडली. ती केवळाबाईची होती. केवळाबाई म्हणजे स्वयंपाकीण, तीन आठवड्यांपूर्वीच लागलेली. टोपलीतला ओला रुमाल उलगडला तर आत धोतऱ्याची पाच पांढरी फुलं आणि दोन काटेरी फळं निघाली.

त्यातलं एक फळ फुटलेलं होतं आणि त्यातलं बी निम्मं गायब होतं.

२

सिंधूताईंचा फोन नांदेडला, भावाला गेला. "दादा, पोरी मरतील रे. तू ये."

दयानंदराव हंबर्डे रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं आले. तीस वर्षं त्यांनी अन्न निरीक्षक म्हणून काढली होती. दुधातला युरिया, हळदीतला रंग, तेलातलं तेल; काय काय पकडलं नव्हतं त्यांनी. या नोकरीनं त्यांचा एक स्वभाव घडवला होता. बाजारातल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रवासाला निघाले की घरची भाकरी फडक्यात बांधून घेत. भोकरजवळच्या त्यांच्या शेतातलं धान्य दरवर्षी बहिणीकडे आणि मुलीकडे पोचतं व्हायचं. आठवड्यापूर्वीच नव्या ज्वारीचं एक पोतं लातूरला आणि एक अहमदपूरला ते स्वतः टाकून गेले होते. "दुकानातलं खाण्यापेक्षा उपाशी राहावं," असं ते म्हणत, आणि यात त्यांना थट्टा वाटत नसे.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी वही काढली. बिडव्यांनीच सांगितलं होतं, "साहेब, नमुने कशाकशाचे घ्यायचे ती यादी तुम्हीच द्या. प्रयोगशाळेचा अहवाल यायला पंधरा दिवस लागणार, तोवर कुठंतरी धागा पाहिजे."

"काय काय होतं जेवायला?"

"वांग्याची भाजी, वरण, भात," सिंधूताई सांगू लागल्या. डोळे रडून सुजले होते. "नऊ जणींनी भाकरी खाल्ली, बाकीच्यांनी पोळी. लोणचं होतं."

"आजारी पडलेल्यांनी?"

"चौघींनी भाकरी खाल्ली. मालविकानं न्हाई. तिला भाकरी आवडतच न्हाई, आणि तिचं पोट बिघडलेलं होतं. तिला मी माझ्या हातानं ताकातल्या कण्या दिल्या, बस."

"आणि तू?"

"माझा शनिवार. मी काय खाते?"

दयानंदरावांनी हिशेब मांडला. नऊ जणींनी भाकरी खाल्ली, त्यांतल्या पाच ठणठणीत. उलट जिनं भाकरीला हातही लावला नाही ती मालविका सगळ्यांत जास्त आजारी. म्हणजे भाकरीत काही नव्हतं. हे लक्षात येताच त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांनी पुढं विचारलंच नाही. यादीत त्यांनी लिहिलं: वांग्याची भाजी, वरण, भात, लोणचं, तेल, तिखट. मालविकाच्या नावापुढे लिहिलं: ताक.

बाहेर फाटकाशी गलका झाला. मालविकाचे वडील आले होते, आणि त्यांच्यामागे आणखी पंचवीस-तीस माणसं.

"पोलिसांना सांगा, त्या बाईला आमच्या हवाली करा," कुणीतरी ओरडलं.

३

केवळाबाईला पोलीस ठाण्याच्या आतल्या खोलीत बसवलं होतं. पन्नाशीची, काटकुळी बाई. अहमदपूरच्या पुढं आठ कोसांवर तिचं गाव. दयानंदराव आत गेले तेव्हा तिनं पदर भुवयांच्याही खाली ओढून घेतला होता, आणि तोंड भिंतीकडे.

"केवळाबाई, माझ्याकडं बघा."

"न्हाई बघवत साहेब."

"का बघवत नाही?"

तिनं पदर आणखी ओढला. मग म्हणाली, "त्या खिडकीला काहीतरी लावा की. अन् थोडं पानी द्या."

शिपाई कंटाळून म्हणाला, "कालपासनं पाणीच मागून राहिलीय साहेब. रात्री कायबाय बडबडत होती. नाटकं हायत सगळी."

"टोपलीतला धोतरा कशाला आणला?"

"म्हादेवाला. आज शिवरात्र न्हाई का? वढ्याच्या कडंला मिळतो, म्हनून कालच सकाळी तोडून ठिवला. धोतऱ्याचं फळ वाहत्यात."

"फळ फुटलेलं कसं?"

"पिकलं की आपुआपच फुटतंय. बी सांडलं आसंल वाटंत."

"मालविकाचं आणि तुमचं भांडण झालं होतं?"

केवळाबाईनं पदराआडूनच मान हलवली. "ती म्हनली, तुमच्या भाज्या जनावरालाबी जात न्हाईत. मी म्हनलं, मग नको खाऊ. एवढंच. लेकरावर कुनी ईख घालतंय का साहेब?"

दयानंदराव तिच्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत शेकडो माणसं त्यांनी समोर बसवली होती, आणि नजर चुकवणारा माणूस खोटा, हा त्यांचा पक्का अनुभव होता. तरी मनात काहीतरी अडखळत होतं. ज्या बाईनं विष घातलं, ती धोतऱ्याची टोपली स्वयंपाकघरातच कशाला ठेवील?

ते बाहेर आले तेव्हा बिडवे म्हणाले, "अटक आजची दाखवलीय, उद्या दुपारी हिला कोर्टात हजर करायचंय. तुमचं काय मत?"

"एक नाव राहिलंय," दयानंदराव म्हणाले. "सिंधूच्या स्वयंपाकघरात तिखट कुणाच्या गिरणीचं आहे माहितीय?"

४

तिखट शेषेरावाच्या गिरणीचं होतं.

आठ वर्षांपूर्वी याच शेषेरावाच्या तिखटात दयानंदरावांना विटकरीची भुकटी सापडली होती. त्यांनी खटला भरला, पण नमुन्याच्या सीलमध्ये चूक निघाली आणि शेषेराव सुटला. सुटून बाहेर येताना तो हसला होता. ते हसू दयानंदरावांच्या मनात अजून तसंच होतं. बहीण त्याच्याकडून तिखट घेते हे त्यांना त्या सकाळीच कळलं, आणि कळल्यापासून त्यांचं डोकं एकाच दिशेनं धावत होतं.

कारणही तसं होतं. धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी शेजारी ठेवलं तर नवख्याला फरक कळत नाही. स्वस्तात घेतलेल्या मिरचीत ते मिसळून आलं, दळलं गेलं, भाजीत पडलं. ना केवळाबाई, ना भांडण. सगळं कसं चपखल बसत होतं.

शेषेराव गिरणीच्या ओट्यावर बसला होता. दयानंदरावांना पाहून तो उठला नाही.

"या साहेब. रिटायर झालात म्हणे."

"सिंधूला शेवटचं तिखट कधी दिलंस?"

"संक्रांतीच्या आधी दोन किलो. घ्या की नमुना, सील नीट मारा यावेळी."

दयानंदरावांचे कान तापले. "त्या तिखटात धोतऱ्याचं बी असलं तर तुला कळेल का?"

"मला न्हाई कळणार. पण एक सांगतो." शेषेरावानं हाताची पिवळीलाल बोटं फडक्याला पुसली. "भाजी किती पोरींनी खाल्ली?"

"तेरा."

"अन् ज्या पोरीची तब्येत सगळ्यांत बेकार, तिनं?"

"तिनं नुसतं ताक," दयानंदरावांना सांगावं लागलं.

"माझं तिखट महिनाभर रोज तेरा-चौदा जणी खाऊन राहिल्यात. काल तेरांनी खाल्लं, चौघी पडल्या. अन् जिनं खाल्लंच न्हाई तीबी पडली. हे माझ्यापरीस तुम्हाला जास्त कळतंय साहेब."

"दाणा कमी-जास्त पडतो. कुणाच्या ताटात जास्त गेला असेल."

"अन् ताकात कोण तिखट टाकतं?"

पोलीस ठाण्यात येऊन दयानंदरावांनी तरीही तोच तर्क बिडव्यांपुढे मांडला. बिडवे वयानं त्यांच्या मुलासारखे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, राग मानू नका. हे तुम्हाला दिसतंय, का तुम्हाला हवंय?"

दयानंदरावांनी वही मिटली. संध्याकाळी बहिणीच्या घरी ते जेवले नाहीत. शिवरात्रीचा उपवास होताच. फाटकाबाहेर माणसं अजून बसलेली होती. दवाखान्यातून फोन आला. मालविकाचा श्वास नीट चालत नव्हता म्हणून तिला यंत्रावर ठेवलं होतं.

५

सोमवारी सकाळी नऊला दयानंदराव दवाखान्यात गेले. चौघी आता सावरल्या होत्या. पंख्याशी बोलणारी मुलगी पलंगावर बसली होती, आणि तिनं ओढणी डोळ्यांवरून घट्ट गुंडाळली होती.

"काय गं, रडतेस का?"

"नाही काका. उजेड सहन होत नाही."

"बाहुल्या अजून पसरलेल्या आहेत," मागून डॉक्टर आलोक म्हणाले. "दोन-तीन दिवस असंच राहणार. तोंडही कोरडं पडतं, सारखी पाण्याला उठते."

दयानंदराव जागच्या जागी थांबले.

त्या खिडकीला काहीतरी लावा की. अन् थोडं पानी द्या.

रिक्षा करून ते पोलीस ठाण्यात पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. केवळाबाई तशीच बसली होती, पदर खाली ओढून. ते तिच्यासमोर फरशीवर बसले.

"बाई, एकदाच पदर वर करा."

तिनं केला. डोळे पाण्यानं भरलेले, आणि बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर. नजर चुकवत नव्हती ती. तिला बघताच येत नव्हतं.

"शनिवारी तुम्ही काय खाल्लं?"

"आज इचारलं व्हय कुनी तरी," ती म्हणाली. "भाकर. लोनचं. भाजी सरली होती."

"कधी?"

"समद्यांच्या मागनं. दोन वाजलं असतील. त्या चार पोरी परीक्षेहून उशिरा आल्या, त्यांच्या भाकरी केल्या, मागनं माजी केली."

"आधीच्या पाच जणींच्या भाकरी?"

"त्या आधीच झाल्या. तव्हा जुनं पीठ होतं. ते सरलं, म्हनून त्या चौघींसाठी नवा डबा उघडला. ताईंनी शुक्रवारीच दळून आनलेला."

आपला आवाज दयानंदरावांना परका वाटला. "आणि मालविकाच्या कण्या?"

"त्याच जवारीच्या. ताईंनी भरडून आनल्या होत्या थोड्या. नवी जवारी, तुमीच दिलेली न्हाई का."

प्रश्नच चुकला होता. भाकरी खाल्ली का, असं त्यांनी विचारलं. ज्वारी खाल्ली का, असं विचारलंच नाही. मालविकानं भाकरी खाल्ली नव्हती, पण त्याच ज्वारीच्या वाटीभर कण्या, भुकेल्या पोटी, एकटीनंच खाल्ल्या होत्या. ज्यांनी जुनं पीठ खाल्लं त्या पाचही जणी बऱ्या होत्या, नवं खाल्लेली प्रत्येक जण आजारी पडली होती, केवळाबाईसुद्धा. अपवाद एकही नव्हता. सिंधूनं कण्यांचं कालच सांगितलं होतं. कण्यांच्या जागी त्यांनीच ताक लिहिलं होतं, आणि नमुन्यांच्या यादीत सगळं होतं, पीठ तेवढं नव्हतं.

शेत डोळ्यांपुढे आलं. ओढ्याकडच्या कोपऱ्यात धोतरा दरवर्षी माजतो. गावातल्या बाया विळ्यानं ज्वारी काढायच्या तेव्हा ते झुडूप तेवढं सोडून द्यायच्या. यंदा माणसं मिळाली नाहीत, म्हणून मशीन लावलं. मशीननं कोपऱ्यासकट सरसकट कापलं, आणि मळणीत बोंडंही फुटली.

त्यांनी सिंधूताईंना फोन लावला. "ती ज्वारी दळायच्या आधी निवडली होतीस?"

"तुझी ज्वारी कशाला निवडायची दादा?" त्या म्हणाल्या. "दुकानातली असली की तीन बाया बसवते मी निवडायला. घरचं ते घरचं, तूच म्हणतोस ना?"

त्याच क्षणी त्यांना दुसरं पोतं आठवलं.

६

अहमदपूरला त्यांची मुलगी तनुजा आणि तिच्या सासूबाई, गोदावरीबाई, दोघीच राहत. जावई फौजेत. गोदावरीबाईंना साखरेचा आजार, म्हणून घरात पोळी जवळजवळ बंदच, दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी. काल शिवरात्रीचा उपवास झाला होता. आज पारणं. आजवर तिकडून काही तक्रार नव्हती, म्हणजे नवं पीठ कदाचित आजच निघायचं. सकाळी दहाच्या आत त्या जेवायच्याच.

घड्याळात पावणेदहा झाले होते.

तनुजाचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. गोदावरीबाईंचा बंद. बिडव्यांनी काही न विचारता जीप काढली. अहमदपूरच्या ठाण्याला त्यांनी फोन केला, पण तिथली गाडी बंदोबस्तावर होती. दयानंदराव पुढच्या सीटवर बसून आकडा दाबत राहिले. चाकूर मागं पडलं. "नवीन ज्वारी आधी तुलाच," असं पोतं उतरवताना ते तनुजाला म्हणाले होते. तिनं ते पोतं दारातच उघडून मूठभर ज्वारी हातात घेतली होती, आणि ते खूश झाले होते.

अकराला जीप दारात थांबली. दार उघडंच होतं. आत ताटं मांडलेली. ताटांत भाकरीचे तुकडे.

"तनुजा," त्यांनी हाक मारली.

ती परसातून ओलं धुणं खांद्यावर घेऊन आली. "बाबा? तुम्ही इथं कसे? फोन आत चार्जिंगला होता."

"भाकरी खाल्ली?"

"हाव. काय झालं?"

त्यांनी तिचा चेहरा हातात धरून डोळे पाहिले. उजेडाकडे वळवून पाहिले. बाहुल्या लहान झाल्या, नेहमीसारख्या.

गोदावरीबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "कोणत्या ज्वारीची?" दयानंदरावांनी विचारलं.

"तुम्ही दिलेल्याच की, इवाई," त्या आपल्या व्याह्यांना म्हणाल्या.

बिडव्यांनी दयानंदरावांचा दंड धरला.

"पण इवाई, राग मानू नका," गोदावरीबाई संकोचून म्हणाल्या. "दोन दिवस बसून निवडली मी. तनू म्हनत होती, बाबांची ज्वारी, तशीच दळा. माझा हात ऐकत न्हाई. कुनाचंबी असो, निवडल्याबगर गिरनीत घालत न्हाई मी. भलतंच बी निघालं त्यात. फेकावं तर कोंबड्या खातील, म्हनून बांधून ठेवलंय."

त्यांनी कोनाड्यातून वर्तमानपत्राची पुडी काढून दिली. दयानंदरावांनी ती खिडकीशी नेऊन उघडली. चपटं, पिवळट तपकिरी, कानाच्या पाळीसारखं, अंगावर बारीक खड्डे. मूठभर होतं.

"हेच," ते म्हणाले.

७

जबाब लिहून घेताना बिडवे दोनदा थांबले. "साहेब, यात तुमचं नाव येतंय. ताईंचंही. निष्काळजीपणाचा गुन्हा लागू शकतो."

"लिहा. शेताच्या गट क्रमांकासह लिहा."

वसतिगृहातला पिठाचा डबा आणि उरलेलं पोतं सील झालं. डॉक्टर आलोकनी त्या पुडीतलं बी भिंगाखाली पाहून लेखी दिलं. सिंधूताई भावाशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या.

"तिच्याकडं धोतरा सापडलाच होता ना, दादा? तू एवढं खणायला नको होतंस. वसतिगृह आता बंद पडेल माझं."

"पडेल कदाचित."

"तू माझा भाऊ आहेस."

"म्हणून तर आधी दिसलं नाही," दयानंदराव म्हणाले.

बुधवारी मालविकाच्या तोंडातली नळी काढली. तिचे वडील बाकावर बसून होते. दयानंदराव त्यांच्यासमोर उभे राहिले आणि ज्वारी आपली होती, हे सांगितलं. वडील उठून उभे राहिले. "तुम्ही आत्ता जा," एवढंच ते म्हणाले. दयानंदराव गेले. शेषेरावाकडेही जाऊन आले. तिथं चहा मिळाला, गोड बोलणं मिळालं नाही. परत येताना त्यांना वाटून गेलं, हा माणूस मला अजूनही आवडत नाही. नाही आवडत तर नाही. तिखटात मात्र काही नव्हतं.

केवळाबाई सोमवारी संध्याकाळीच सुटली होती. दयानंदराव गुरुवारी तिच्या गावी गेले. ती दारात बसून होती, डोळे आता बरे दिसत होते. त्यांनी हात जोडले.

"माझ्यापाशी हात जोडून काय व्हतंय?" ती म्हणाली. "पोलिसानं धरून नेलं ही बातमी समद्या गावात पोचली. आता आडावर गेले की बाया घागर उचलून बाजूला होतेत. सून लेकराला माज्या हातचं खाऊ देत न्हाई."

"कुणाला सांगू?"

"समद्यांला."

ग्रामपंचायतीपुढच्या मोकळ्या जागेत माणसं जमायला अर्धा तास लागला. दयानंदराव पायरीवर उभे राहिले. कोर्टात शेकडो वेळा साक्ष दिली होती, तशीच सुरुवात केली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग सांगितलं की ज्वारी त्यांच्या शेतातली होती, धोतरा त्यांच्याच बांधाचा होता, आणि केवळाबाईनं त्याच पिठाची भाकरी खाल्ली, तीही आजारी होती, आणि ते कुणी पाहिलं नाही. त्यांनी स्वतःही नाही.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ती सुटली ते आमाला ठावं हाय. तेवढ्यासाठी तुम्ही कशाला आलाव?"

"ती सुटली हे पोलिसांनी सांगितलं," दयानंदराव म्हणाले. "तिनं केलंच नव्हतं, हे सांगायला मी आलो."

मागं कडेला केवळाबाई उभी होती. तिनं पदर खांद्यावर घेतला.

"आजूक एकदा सांगा साहेब," ती म्हणाली. "मागच्या बायांला ऐकू गेलं न्हाई."

त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, पुन्हा सांगायला सुरुवात केली.